कव्वालीची टोपी कुणी शिवली?

टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करा आणि एखादं गाणं नुसतं बघा. मी वर्गात मुलांना अधूनमधून हा खेळ खेळायला लावते. आवाज नाही, शब्द नाहीत, तरी दहा सेकंदांत मुलं सांगतात, ही लावणी, ही कव्वाली, हा रॅप. कसं ओळखलं, असं विचारलं की उत्तरं भराभर येतात. नऊवारी आणि फेटे दिसले म्हणजे लावणी. झुंबर आणि गालिचा म्हणजे मुजरा. भिंतीवर रंगवलेली चित्रं आणि कॅमेऱ्यात बोट रोखणारा पोरगा म्हणजे रॅप. आणि काळी केसाळ टोपी, जाकीट, गळ्यात रुमाल, समोर हार्मोनियम म्हणजे कव्वाली.

यातलं शेवटचं चित्र मला जास्त छळतं, कारण ते चित्र म्हणजे आपण, असं सगळ्यांनी धरून ठेवलं आहे. आपणही. म्हणून ते चित्र कसं तयार झालं, कुठल्या साली त्यात काय शिवलं गेलं, हे एकदा नीट बघायला हवं.

कॅमेरा येण्याआधीपासून सुरुवात करू. कव्वाली हा शब्द 'कौल'वरून आला. आपण मराठीत देवाचा कौल, मतदारांचा कौल म्हणतो तोच हा अरबी शब्द. कौल म्हणजे बोल, वचन. हे बोल गाणारा तो कव्वाल. चिश्ती खानकाहांमध्ये ज्या बैठकीत हे गायलं जाई तिला समा म्हणत, आणि समा या शब्दाचा अर्थच मुळी 'ऐकणं' असा आहे. दिल्लीचे हजरत निजामुद्दीन औलिया आणि त्यांचे मुरीद अमीर खुसरो, दोघांचंही निधन १३२५ सालचं. त्या परंपरेत कव्वाल मजारीकडे तोंड करून जमिनीवर बसतात. ऐकणारेही बसलेले असतात. गाणाऱ्यानं काय घातलं आहे, तो कसा दिसतो, याला तिथं फारसं महत्त्व नाही. सगळा मान ऐकणाऱ्याच्या अवस्थेला. कुणाला एखादी ओळ लागली तर कव्वाल तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहतो.

म्हणजे ही ऐकण्याची कला. सिनेमाला मात्र ती बघण्याची करावी लागली. पुढचं सगळं या एका गरजेतून घडलं.

१९४५ साली शौकत हुसैन रिझवी यांचा 'झीनत' आला. त्यातली कव्वाली हिंदी सिनेमातली स्त्रियांची पहिली कव्वाली म्हणून ओळखली जाते. आवाज नूरजहाँ, जोहराबाई अंबालेवाली आणि कल्याणी यांचे. दर्ग्याच्या मैफलीत बायका सहसा गात नसत, तेव्हा पडद्यावरची ही बैठक म्हणजे नवी गोष्ट होती. त्या गाण्यात बसलेल्या मुलींमध्ये दोन चेहरे पुढे नावारूपाला आले. एक लाहोरकडची श्यामा आणि दुसरी सोलापूरची शशिकला. शशिकला जवळकर, आपली मराठी मुलगी. पडद्यावरच्या या पहिल्या कव्वालीत टाळ्या वाजवणाऱ्यांमध्ये सोलापूर होतं, हे लक्षात ठेवा. पुढे कव्वाली 'कुणाची' हा प्रश्न येईल तेव्हा उपयोगी पडेल.

त्यानंतर १५ वर्षांनी, १९६० साली, कव्वालीच्या चित्राचा साचा पक्का झाला. एकाच वर्षात दोन सिनेमे आले. पी. एल. संतोषी यांच्या 'बरसात की रात'मध्ये रोशन यांचं संगीत, साहिर लुधियानवींचे शब्द आणि सुमारे १२ मिनिटं चालणारी कव्वाली. मन्ना डे, मोहम्मद रफी, आशा भोसले, सुधा मल्होत्रा, एस. डी. बातिश असे आवाज. पडद्यावर 'झीनत'मधली तीच श्यामा, आता मोठी झालेली. आणि के. आसिफ यांच्या 'मुघल-ए-आझम'मध्ये शहजादा सलीमसमोर अनारकली आणि बहार यांचा सामना. आवाज लता मंगेशकर आणि शमशाद बेगम यांचे. निकाल देताना सलीम बहारला फूल देतो आणि अनारकलीला काटे.

दोन्हीकडे कॅमेऱ्यानं काय केलं ते बघा. मजारीकडे तोंड करून बसलेले कव्वाल आता एकमेकांकडे तोंड करून बसले. भक्तीच्या जागी मुकाबला आला. आपल्या तमाशातल्या सवाल-जवाबासारखाच. ऐकणारा, जो समाचा खरा मालक, तो नायक किंवा नायिका झाला आणि त्याच्या चेहऱ्यावरून आपल्याला प्रेमकथा कळू लागली. टाळी हा ताल होता, ती चित्र झाली. हातांचे क्लोज-अप येऊ लागले. मी याला नावं ठेवत नाही. 'बरसात की रात'ची ती १२ मिनिटं मी आजही मान वर न करता बघते. पण साचा इथं तयार झाला आणि साच्याचा स्वभाव असा की त्यातून पुढे एकाच मापाच्या विटा निघतात.

आता शेजारचे साचे बघू, म्हणजे फरक कळेल. मुजऱ्याचं चित्र कमाल अमरोहींच्या 'पाकीझा'नं १९७२ साली कळसाला नेलं. झुंबर, कारंजं, लोड, तक्के, बसलेले नवाब आणि मध्ये एकटी मीनाकुमारी. मराठीत अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ चा आणि व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' १९७२ चाच. लावणीच्या चित्रात झुंबराच्या जागी गॅसबत्ती, लोडाच्या जागी खुर्ची, नवाबाच्या जागी पाटील आणि अत्तराच्या जागी उडणारे फेटे. रचना मात्र तीच. पुरुष बसलेले, बाई उभी. दोन्ही चित्रांत बाईची कला आणि बाईची किंमत एकाच नजरेनं मोजली जाते. हे बघून झाल्यावर 'झीनत'कडे परत जा. तिथं बायका बसलेल्या आहेत, आपसात गात आहेत, आणि कुणी त्यांची बोली लावत नाही. कव्वालीनं पडद्यावरच्या बाईला बसून गाण्याचा मान दिला, ही तिची कमाई मी कधी विसरत नाही.

आणखी एक साचा आहे, त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, तो म्हणजे पियानोचा. १९४९ सालचा मेहबूब खान यांचा 'अंदाज' आठवा. दिवाणखाना, पार्टी, सुटाबुटातला दिलीपकुमार पियानोवर. संगीत नौशाद यांचं, शब्द मजरूह सुलतानपुरींचे. पुढची २५-३० वर्षं हिंदी सिनेमातल्या किती नायकांनी पियानोवर बसून मन मोकळं केलं, त्याची गणती नाही. ती गाणी लिहिणारे मजरूह, शकील, साहिर हेच. भाषा तीच, उर्दू. तेच दिल, तीच वफा, तोच गम. पण पियानोवर बसलेली उर्दू सगळ्यांची वाटली, आणि हार्मोनियमसमोर टोपी घालून बसलेली उर्दू तेवढी मुसलमानांची वाटली. उर्दू शिकवणारी म्हणून मला हा मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो. भाषा कुणाची, हे शब्दांनी ठरलं नाही, कपडेपटानं ठरवलं.

सत्तरच्या दशकात कपडेपटाचं काम आणखी वाढलं. १९७३ च्या 'जंजीर'मध्ये प्राण शेरखान पठाण झाला आणि मित्रासाठी नाचत गायला. १९७७ साली मनमोहन देसाईंचा 'अमर अकबर अँथनी' आला. तीन सख्खे भाऊ लहानपणी ताटातूट होऊन तीन घरांत वाढतात. अमर पोलीस इन्स्पेक्टर होतो, अँथनी दारूचा गुत्ता चालवतो आणि अकबर कव्वाल होतो. नाव अकबर इलाहाबादी, म्हणजे उर्दूतल्या मोठ्या शायराच्या नावावर केलेली कोटी. अकबरला वाढवणारा बाप शिंपी आहे, हे मला फार बोलकं वाटतं. आई एक, रक्त एक. मुसलमानपण अंगावर चढतं ते लिबासातून आणि कव्वालीतून. अमरला हिंदू दिसण्यासाठी गावं लागत नाही. अकबरला मात्र दर थोड्या वेळानं गाऊन दाखवावं लागतं. सिनेमाचा हेतू प्रेमळ होता. साईबाबांपुढे अकबरच गातो, मोहम्मद रफींच्या आवाजात, आणि ते गाणं आजही गावोगाव वाजतं. पण या प्रेमळ चित्रातून एक सवय रुजली. मुसलमान माणूस पडद्यावर आला की त्याच्याबरोबर त्याचा 'सेट' आला.

त्याच वर्षी नासिर हुसैन यांच्या 'हम किसी से कम नहीं'मध्ये ऋषी कपूर आणि झीनत अमान यांची कव्वाली गाजली. संगीत आर. डी. बर्मन यांचं. १९८० च्या 'द बर्निंग ट्रेन'मध्ये तर धावत्या गाडीच्या डब्यात कव्वाली झाली. म्हणजे साचा इतका पक्का झाला होता की दर्गा नको, दरबार नको. डब्यातही तो लावता येत होता.

या काळात खरे कव्वाल काय करत होते? मुंबईत त्यांची मोठी दुनिया होती. इस्माईल आझाद यांची 'अल हिलाल'मधली १९५८ सालची कव्वाली घराघरात गेली. अझीझ नाझांची 'फाइव्ह रायफल्स'मधली, नशेचं गाणं गाणारी कव्वाली १९७४ सालची. ती आजही वरातीत बँडवाले वाजवतात, मग वरात कुणाचीही असो. शकीलाबानो भोपाली यांनी तर बाईनं स्टेजवर बसून, डोळ्यांनी आणि हातांनी शेर समजावून सांगत कव्वाली करायची, ही रीतच रूढ केली. यूसुफ आझाद आणि रशीदा खातून यांचे मुकाबले उर्साला रात्रभर चालत. आमच्याकडच्या उर्सात अशा मुकाबल्यांच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत. त्या मैफलींना हिंदू, मुस्लिम, मारवाडी, सगळे बसायचे. नजराणा द्यायला कुणाला टोपी घालावी लागत नसे.

शाळेत हा साचा कसा येतो, तेही सांगते. स्नेहसंमेलनात 'राष्ट्रीय एकात्मता' नावाचा कार्यक्रम जवळजवळ ठरलेला. भांगडा, कोळीनृत्य, लावणी आणि कव्वाली. ड्रेस भाड्यानं देणाऱ्याकडे 'कव्वालीचा सेट' असा शब्दच आहे: टोपी, जाकीट, रुमाल. एका वर्षी तालमीच्या वेळी एक सहकारी बाई आपुलकीनं म्हणाल्या, "कव्वाली तुमच्या मुलांना द्या, लावणी आमच्या मुली बसवतील." मी म्हटलं, "बाई, लावणीही थोडी आमची आहे की. सगनभाऊ विसरलात का?" त्या हसल्या, मग म्हणाल्या, "सगनभाऊ मुसलमान होता?" होता. जेजुरीचा, जातीनं शिकलगार, हत्यारांना धार लावणाऱ्या घरातला, उत्तर पेशवाईतला नामांकित लावणीकार. होनाजी बाळा, रामजोशी, परशराम, प्रभाकर यांच्या पंगतीतला. तेवढ्यात सहावीतला एक मुलगा डोक्यावरची भाड्याची टोपी हातात घेऊन आला. "टीचर, आमच्या घरात ही टोपी कुणीच घालत नाही. ही कुणाची?"

प्रश्न खरा होता. त्याचे वडील गवंडीकाम करतात, नमाजाला पांढरी विणलेली टोपी घालतात. ही केसाळ टोपी कराकुल जातीच्या मेंढीच्या कोकराच्या कातड्यावरून आली. ती मेंढी मध्य आशियातली. तिथून अफगाणिस्तान, मग उत्तर हिंदुस्थानातले पुढारी, मग मुंबईचे स्टुडिओ, आणि शेवटी आमच्या तालुक्यातला ड्रेसवाला. हजारो मैलांच्या या प्रवासात गवंड्याच्या पोराचं घर कुठंच लागत नाही.

नव्वदच्या दशकात सॅटेलाइट वाहिन्या आल्या आणि गाण्याचं चित्र सिनेमापासून सुटं झालं. अमेरिकेत एमटीव्ही १९८१ सालीच सुरू झाली होती. आपल्याकडे तिची वेगळी वाहिनी १९९६ ला आली. पॉप व्हिडिओचा साचा निराळा होता. कथा नाही, एक सुंदर चेहरा आणि भराभर बदलणारी दृश्यं. १९९५ साली अलिशा चिनॉयच्या गाण्यात मिलिंद सोमण आला आणि गायिकेइतकाच गाजला. १९९६ च्या 'संगम' या अल्बममध्ये जावेद अख्तर यांचे शब्द आणि नुसरत फतेह अली खान यांचा आवाज एकत्र आले. त्यातल्या 'आफरीन आफरीन'च्या व्हिडिओत आपल्या डोळ्यांसमोर राहिली ती लिसा रे. कव्वालाचा गळा, पण टोपी नाही, रुमाल नाही, टाळ्या वाजवणारी रांग नाही. संगीताचा बाज बदलला की त्याच गायकाचा अवतार बदलतो, याचं याहून स्वच्छ उदाहरण सापडणार नाही.

मग २००० नंतर 'सूफी' हा नवा साचा आला. 'फिझा'मध्ये हाजी अलीच्या दर्ग्यातलं ए. आर. रहमान यांचं गाणं, २०११ च्या 'रॉकस्टार'मध्ये निजामुद्दीन दर्ग्यात खऱ्या निजामी बंधूंसोबत बसून गायलेलं गाणं. ही चित्रं मला भावतात, त्यांत बसून ऐकणं परत आलं. पण २००८ च्या 'जोधा अकबर'मध्ये ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींचं नाव घेताना पडद्यावर उंच टोप्या घातलेले दरवेश गोल गोल फिरतात. ही गिरकी मौलाना रूमींच्या नावानं चालणाऱ्या मौलवी सिलसिल्याची, तुर्कस्तानातल्या कोन्या शहराची. तुर्कस्तानात १९२५ साली खानकाह बंद झाले, पुढे ती गिरकी पर्यटकांसमोर सुरू झाली आणि जगभर 'सूफी' म्हणजे हेच चित्र पसरलं. अजमेरचं गाणं कोन्याच्या कपड्यांत आलं आणि आपण 'माशाअल्लाह' म्हणून मोकळे झालो. साचा असा काम करतो. तो दुसऱ्याचं दागिना म्हणून आणतो आणि थोड्या दिवसांनी तो आपल्याच आजीचा वाटू लागतो.

पाकिस्तानात २००८ साली रोहेल हयात यांनी कोक स्टुडिओ सुरू केला, त्यानं उलटी वाट धरली. बंद खोली, वादकांचं कडं, वायरी, कानांवर हेडफोन. काम करणारी माणसं काम करताना दिसतात. २०१६ साली तिथं राहत फतेह अली खान आणि मोमिना मुस्तेहसन यांनी 'आफरीन आफरीन' पुन्हा गायलं. गाणं तेच, २० वर्षांचं अंतर. आधीच्या व्हिडिओत बाई बघण्यासाठी होती, नंतरच्या व्हिडिओत बाई गाते. दोन्ही व्हिडिओ एकापाठोपाठ लावा. इतिहासाचा एक धडा दहा-पंधरा मिनिटांत होतो.

आता शेवटचा साचा, रॅपचा. त्याचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला, १९७३ च्या सुमाराचा. गरीब वस्तीतली काळी आणि स्पॅनिश बोलणारी पोरं, आणि पार्टीत दोन रेकॉर्ड फिरवणारा डीजे. १९८२ साली ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्यांच्या साथीदारांनी आपल्या वस्तीच्या हालअपेष्टांचं गाणं केलं आणि व्हिडिओत त्याच रस्त्यांवर उभे राहून ते गायलं. तेव्हापासून या बाजाचा नियम ठरला. गाणारा आपल्या गल्लीत उभा राहील, मागे त्याची पोरं, आणि गल्लीचं नाव घेतलं जाईल. स्टुडिओतला सेट नको, कारण गल्ली हाच पुरावा.

हा नियम मुंबईत आला आणि एक वेगळी गोष्ट घडली. २०१४ साली कुर्ल्याच्या नेझीनं वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर 'आफत' रेकॉर्ड केलं आणि त्याच आयपॅडवर आपल्याच मोहल्ल्यात त्याचं चित्रण केलं. पुढच्या वर्षी डिव्हाइनबरोबरचं त्याचं गाणं आलं, आणि २०१९ मध्ये या दोघांवरून स्फूर्ती घेतलेला झोया अख्तरचा 'गली बॉय'. नेझीच्या त्या पहिल्या व्हिडिओत बघा. मुस्लिम मोहल्ल्यातला मुस्लिम पोरगा, रोजच्या कपड्यात, स्वतःच्या शब्दांत बोलतो. कपडेपट नाही, नवाब नाही, शेरखान नाही. 'झीनत'नंतर जवळजवळ ७० वर्षांनी आमच्या पोरांच्या हातात कॅमेरा आला आणि त्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर टोपी बाजूला ठेवून गल्ली दाखवली.

यानं सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. रॅपचाही आता सेट झाला आहे. जाड साखळी, महागडे बूट, भाड्याची गाडी. माझ्या वर्गातल्या पोरांना तोही साचा तितकाच खरा वाटतो, आणि 'वस्तीतला पोरगा म्हणजे आफत' ही प्रतिमाही फार दूर नसते. कव्वालीच्या टोपीनं आपल्याला गोड करून ठेवलं, रॅपची साखळी धोकादायक करून ठेवू शकते. दोन्हींच्या मध्ये कुठंतरी तो गवंड्याचा पोरगा आहे. तो उर्दू शाळेत शिकतो, मराठी कविता तालात म्हणतो आणि त्याला कुठल्याच गाण्यात आपलं घर दिसत नाही.

म्हणून मुलांना मी कव्वाली सोडा असं सांगत नाही. उलट जास्त ऐका म्हणते. फक्त बघताना विचारा, ही टोपी कुठून आली, ही गिरकी कुठल्या गावची, हा माणूस कुणाकडे तोंड करून बसला आहे, कॅमेरा कुणाच्या हातात आहे. हे चार प्रश्न मनात असले की गाण्याचा आनंद कमी होत नाही, फक्त त्याच्या शिवणी दिसू लागतात. आणि शिवणी दिसल्या की उसवताही येतं, हवं तिथं नवं ठिगळही लावता येतं.

आपल्याकडे लावायला कापड पुष्कळ आहे. जेजुरीचा सगनभाऊ आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफ वाजवून मैदानं हलवणारे बार्शीचे शाहीर अमर शेख आहेत, ज्यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. मराठी मुसलमानाच्या हातात पेटीइतकाच डफही शोभला आहे. पोवाडा गाणारा, लावणी रचणारा, रॅप करणारा आणि उर्साला रात्रभर कव्वाली ऐकणारा माणूस एकच असू शकतो. त्याचं चित्र अजून कुणी काढलेलं मला आठवत नाही. आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. बघू या, कोण काढतं.